चरबीचा पत्ता कोण लिहितो?

अंतःस्रावी ग्रंथींचा धडा आपण बहुतेक सगळे एका तक्त्यावर शिकवतो. डावीकडे ग्रंथी, मध्ये संप्रेरक, उजवीकडे कार्य. तक्ता पाठ होतो, परीक्षेत जोड्या लावता येतात आणि धडा संपतो. शाळेबाहेर मात्र गेल्या काही वर्षांत या तक्त्याला एक शेपटी फुटली आहे. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत, व्यायामशाळांच्या भिंतींवर आणि मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींत ती दिसते. पुरुषी हार्मोनमुळे चरबी पोटावर जाते, स्त्री हार्मोनमुळे मांड्यांवर जाते आणि ताणाच्या हार्मोनमुळे पुन्हा पोटावर येते. शेजारी एक सफरचंद आणि एक नाशपाती काढलेली असते. खाली बहुधा एखाद्या गोळीची किंवा रक्ततपासणीची किंमत असते.

या तीन वाक्यांची आम्हाला येथे झडती घ्यायची आहे. ती साफ खोटी असती तर काम सोपे होते. प्रत्येकात सत्याचा एक तुकडा आहे, आणि तेवढ्यामुळेच ती खपतात. नववी-दहावीच्या वर्गातील मुलीला आपल्या मांड्या अचानक जाड का झाल्या याचे उत्तर हवे असते, पण ती ते विचारत नाही. व्यायामशाळेत मिळणाऱ्या इंजेक्शनांबद्दल मुलगे एकमेकांना विचारतात, शिक्षकांना नाही. दोघांनाही उत्तर मिळते ते या तीन वाक्यांतून. तेव्हा ती कितपत टिकतात हे शिक्षकाला ठाऊक असलेले बरे.

सुरुवात एका साध्या अडचणीपासून करू. संप्रेरक रक्तातून जाते आणि रक्त सगळीकडे जाते. पोटाला एक रक्त आणि मांडीला दुसरे, असे काही नसते. मग एकच संप्रेरक एका जागी चरबी साठवते आणि दुसऱ्या जागी साठवत नाही, हे कसे? वर्गातील एखादा चौकस विद्यार्थी ही शंका काढील आणि ती बिनतोड आहे. तक्त्यात तिला उत्तर नाही, कारण तक्ता फक्त पाठवणाऱ्याबद्दल बोलतो. घेणाऱ्याबद्दल त्यात एक शब्दही नसतो.

डॉक्टरी वाङ्मयात विसाव्या शतकाच्या सुरुवातीची एक नोंद आहे. एका मुलीचा हात भाजला आणि तिच्या पोटावरची कातडी काढून हाताच्या पाठीवर लावण्यात आली. पुढे ती बाई वयाने वाढली, अंगाने भरली, आणि हाताच्या पाठीवरचा तो तुकडाही फुगला. राहायला हातावर आला तरी तो वागला पोटासारखा. रक्त तर हाताचेच होते. म्हणजे फरक त्या ऊतीतच होता. आज याला पेशींच्या पातळीवर आधार मिळाला आहे. शरीराच्या वेगवेगळ्या भागांतील मेदपेशींत, गर्भावस्थेत शरीराचा आराखडा ठरवणारी जनुके वेगवेगळ्या प्रमाणात चालू असतात आणि ती खूण मोठेपणीही पुसली जात नाही. संप्रेरकाचे पत्र सगळ्या घरी पडते, पण ते उघडणारे आणि वाचणारे घरोघर निराळे असतात, असे म्हणता येईल.

आता त्या फळांकडे वळू. ही जोडी ज्या कल्पनेवर उभी आहे ती मार्सेयचे डॉक्टर झां वाग यांची. स्थूलतेचे रूप लिंगभेदावरून ठरते, असे त्यांनी १९४७ साली एका फ्रेंच वैद्यकीय नियतकालिकात मांडले. कमरेच्या वर साठणाऱ्या चरबीला त्यांनी पुरुषी आणि खाली साठणाऱ्या चरबीला स्त्री-प्रकारची म्हटले. मधुमेह आणि रक्तवाहिन्यांचे विकार पहिल्या प्रकाराबरोबर येतात हेही त्यांनी पाहिले होते. वजनकाट्यावरचा आकडा बघण्याच्या काळात ‘किती’पेक्षा ‘कुठे’ हा प्रश्न विचारणे ही मोठीच गोष्ट होती. जवळजवळ पस्तीस वर्षे तिची म्हणावी तशी दखल घेतली गेली नाही. १९८४ मध्ये स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. एकात १९१३ साली जन्मलेल्या ७९२ पुरुषांवर तेरा वर्षे लक्ष ठेवले होते, दुसऱ्यात १४६२ स्त्रियांवर बारा वर्षे. साधन काय, तर शिंप्याची टेप. कमरेच्या घेराला नितंबांच्या घेराने भागून आलेला आकडा हृदयविकाराचा धोका वजनापेक्षा चांगला सांगत होता. वाग यांचे म्हणणे तेव्हा कुठे सर्वमान्य झाले.

पण एक चूकही त्याबरोबर सर्वमान्य झाली. ती निरीक्षणात नव्हती, नावात होती. पोटावरच्या चरबीला ‘पुरुषी’ म्हटले की ती पुरुषी संप्रेरकाने येते असे कोणीही समजेल. मग पुढचा अनुभव बसवायचा कुठे? ज्या पुरुषांचे टेस्टोस्टेरोन कमी असते त्यांचे पोट सरासरीने मोठे असते, लहान नव्हे. उलट पीसीओएस हा विकार असलेल्या ज्या स्त्रियांमध्ये टेस्टोस्टेरोनसारखी संप्रेरके वाढलेली असतात, त्यांतील बऱ्याच जणींची चरबी पोटाकडे सरकलेली दिसते. एकच संप्रेरक पुरुषात कमी पडले की पोट, स्त्रीत जास्त झाले की पोट. ‘पुरुषी’ या विशेषणाने येथे उलगडा होत नाही, गोंधळ मात्र वाढतो.

(फळांबद्दलही एक तक्रार आहे. सफरचंद ठीक. पण नाशपाती आपल्या किती विद्यार्थ्यांनी हातात घेतली आहे? तिचे इंग्रजी नाव ‘पेअर’ सांगितले तर मुले पेरू काढतात. पेरूला कसली कंबर! घागर आणि सुरई म्हटले असते तर निदान आकार तरी कळला असता.)

या गोंधळातून वाट काढणारा एक प्रयोग आम्हाला फार मोलाचा वाटतो. तो बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये झाला आणि २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्याचे सगळे कौशल्य रचनेत आहे, म्हणून ती नीट पाहू. पुरुषाच्या शरीरात इस्ट्रोजेनही असते, आणि ते बहुतेक टेस्टोस्टेरोनपासूनच तयार होते. अॅरोमॅटेज नावाचे एक विकर हे रूपांतर करते, आणि त्याचे बरेचसे काम मेदऊतीतच चालते. त्यामुळे टेस्टोस्टेरोन घटले की इस्ट्रोजेनही घटते, आणि परिणाम कोणामुळे झाला ते कळत नाही. दोन भाऊ नेहमी बरोबर येतात, मग घरातला खाऊ कोणी संपवला हे कसे ओळखायचे?

संशोधकांनी वीस ते पन्नास वर्षांचे निरोगी पुरुष घेतले. औषध देऊन त्यांचे स्वतःचे टेस्टोस्टेरोन जवळजवळ बंद केले, आणि मग कातडीला लावायच्या मलमातून ते परत दिले. काहींना मुळीच नाही, काहींना थोडे, काहींना बरेच, अशा पाच पायऱ्या केल्या. हा झाला एक गट. दुसऱ्या गटालाही याच पाच पायऱ्या, पण त्यांना अॅरोमॅटेज अडवणारे आणखी एक औषध दिले. म्हणजे या गटात टेस्टोस्टेरोन होते, पण त्यापासून इस्ट्रोजेन होत नव्हते. प्रत्येक गटात दोनशेच्या आसपास माणसे होती आणि सोळा आठवडे हे चालले.

निकाल असा आला. स्नायूंचे आकारमान आणि ताकद टेस्टोस्टेरोनवर अवलंबून होती. पण चरबी वाढली ती मुख्यतः इस्ट्रोजेनच्या अभावाने. पुरेसे टेस्टोस्टेरोन मिळूनही ज्यांचे इस्ट्रोजेन अडवले होते त्यांची चरबी वाढली, त्वचेखालचीही आणि पोटाच्या आतलीही. पुरुषाची चरबी आटोक्यात ठेवण्यात ‘स्त्री हार्मोन’चा हात आहे! प्राण्यांतही याला दुजोरा आहे. इस्ट्रोजेनचा एक प्रमुख ग्राही जनुकीय पद्धतीने काढून टाकलेले उंदीर लठ्ठ होतात, आणि त्यांत नरही असतात.

सोळा आठवडे म्हणजे काही आयुष्य नव्हे, आणि प्रयोगात स्त्रिया नव्हत्या. तरी ‘पुरुषी’ आणि ‘स्त्री’ ही लेबले संप्रेरकांना लावणे किती दिशाभूल करणारे आहे, हे दाखवायला तो पुरेसा आहे. रूपांतर अडवणारी किंवा बाहेरून जादा टेस्टोस्टेरोन देणारी इंजेक्शने वैद्यकीय कारणाशिवाय घेणाऱ्या मुलाला नेमके हेच कोणी सांगत नाही, की एक दोरी ओढली की दुसरीही हलते.

मग मांड्यांचे काय? संप्रेरकांचा तिथे खरोखर हात आहे, आणि त्याचा पुरावाही चांगला आहे. वयात येईपर्यंत मुलगा आणि मुलगी यांच्या चरबीच्या वाटपात फारसा फरक नसतो, त्यानंतर पडतो. ॲम्स्टरडॅमच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये पारलिंगी व्यक्तींच्या संप्रेरक-उपचारांचे परिणाम चुंबकीय प्रतिमांनी मोजले. इस्ट्रोजेन मिळालेल्यांची त्वचेखालची चरबी वाढली, टेस्टोस्टेरोन मिळालेल्यांची मांड्या आणि नितंबांवरची घटली. व्यक्ती तीच, जनुके तीच, संप्रेरक बदलले. यापेक्षा थेट पुरावा माणसात मिळणे कठीण आहे.

हे घडते कसे? मेदपेशी म्हणजे बंद कोठार नव्हे, तिच्यात रोज भर पडते आणि रोज उपसा होतो. उपसा करण्याचा हुकूम अॅड्रेनलिन आणि त्याच्या जातीचे रेणू देतात. गंमत अशी की मेदपेशीवर या हुकमाचे दोन प्रकारचे ग्राही असतात. बीटा प्रकारच्या ग्राहीवर तो पोचला तर चरबी सुटते, अल्फा-२ प्रकारच्या ग्राहीवर पोचला तर सुटायची थांबते. स्त्रियांच्या मांड्यांवरील मेदपेशींत अल्फा-२ ग्राही तुलनेने जास्त असतात. डेन्मार्कमधील संशोधकांनी २००४ साली दाखवले की इस्ट्रोजेन त्वचेखालच्या मेदऊतीत या ग्राहींची संख्या वाढवते, पोटाच्या आतल्या मेदऊतीत मात्र तसे करत नाही. आपल्या विद्यार्थ्याच्या बिनतोड शंकेचे उत्तर हे. रक्त एकच, संप्रेरक एकच, पण एका जागची पेशी त्यामुळे कुलूप बदलते, दुसऱ्या जागची बदलत नाही.

हे कुलूप कायमचेही नसते. गोथेनबर्गच्याच एका गटाने १९८५ मध्ये गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांच्या मेदऊतीचे नमुने तपासले. एरवी मांडीवरची पेशी चरबी भराभर घेते आणि सोडताना हात आखडते. अंगावर पाजण्याच्या काळात मात्र मांडीवरची भर मंदावली आणि उपसा वाढला. ज्या चरबीला जाहिरातीत ‘हट्टी’ म्हणतात ती बाळाच्या दुधासाठी लागणारी शिधासामग्री असावी, असा तर्क यावरून करतात. तर्क म्हणूनच तो सांगावा, पण नववीतल्या त्या मुलीला सांगण्यासारखा तो नक्की आहे. शिवाय आरोग्याच्या दृष्टीने मांड्यांवरची चरबी निरुपद्रवी, बऱ्याच अभ्यासांत तर उपकारक ठरली आहे. तिला हटवायचे उपाय मात्र सगळ्यांत महाग विकले जातात.

तिसरे वाक्य ताणाचे. त्याचा उगम एका दुर्मीळ रोगात आहे. अमेरिकी शल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेल्या आणि १९३२ मध्ये सविस्तर मांडलेल्या या रोगात चेहरा चंद्रासारखा गोल होतो, मानेमागे गोळा येतो, धड फुगते आणि हातपाय मात्र काटकुळे राहतात. अधिवृक्क ग्रंथीतून येणारे कॉर्टिसॉल यात फार वाढलेले असते. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी दीर्घकाळ पोटातून स्टेरॉइड घेणाऱ्यांतही हेच रूप दिसते. (अशा मुलाला वर्गात ‘खाऊन फुगला’ म्हणून कोणी चिडवत असेल तर शिक्षकाने मध्ये पडावे. आणि रूप सुधारण्यासाठी त्याने स्वतःच्या मनाने औषध एकाएकी बंद करू नये, ते जिवावर बेतू शकते.)

येथपर्यंत सगळे पक्के आहे. कॉर्टिसॉल फार वाढले की चरबी धडाकडे जाते. घसरण पुढच्या पायरीवर होते. ज्याचे पोट सुटले आहे त्याचे कॉर्टिसॉल वाढलेले असणार, हे त्यातून निघत नाही. पाऊस पडला की रस्ता ओला होतो, पण ओला रस्ता दिसला की पाऊसच झाला असे नाही, टँकरही गेला असेल. सामान्य स्थूल माणसांच्या रक्तातील कॉर्टिसॉल बहुधा वाढलेले आढळत नाही. शास्त्रज्ञांनाही याचे कोडे पडले होते. बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी १९९७ मध्ये एक शक्यता मांडली, की रक्तात नसले तरी पोटाच्या आतील मेदऊतीत एक विकर निष्क्रिय रूपापासून कॉर्टिसॉल जागच्या जागी बनवत असेल. २००१ मध्ये उंदरांच्या मेदऊतीत हे विकर वाढवल्यावर त्यांची पोटातील चरबी खरोखर वाढली. माणसाच्या सुटलेल्या पोटात याचा वाटा किती, यावर मते जुळलेली नाहीत. पण हे खरे असले तर जाहिरातीतली रक्ततपासणी आणखीच निरर्थक ठरते, कारण जी गोष्ट ऊतीत घडते ती रक्तात सापडणार नाही.

इन्शुलिनबद्दल एकच निरीक्षण सांगतो, कारण ते कोणत्याही चित्रापेक्षा बोलके आहे. मधुमेही माणसाने रोज एकाच जागी इन्शुलिन टोचले तर तेथे चरबीची मऊ गाठ तयार होते. गाठ झालेल्या जागेतून इन्शुलिन नीट शोषले जात नाही, म्हणून जागा बदलत राहायला सांगतात. वर्गात इन्शुलिन घेणारा विद्यार्थी असेल तर ही गोष्ट त्याच्या कामाची आहे. येथे पाठवणाराही जागेवर आणि घेणाराही जागेवर, म्हणून परिणाम एवढा उघड.

आणि मेदऊती स्वतः? तक्त्यात तिला ओळच नाही. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लेप्टिनचे जनुक शोधले, तेव्हापासून मेदऊती ही संप्रेरके सोडणारी ऊती म्हणून मानली जाते. रजोनिवृत्तीनंतर बीजांडकोशातून येणारे इस्ट्रोजेन जवळजवळ थांबते आणि जे काही उरते त्याचा मोठा भाग मेदऊतीत बनतो. तेव्हा ‘संप्रेरक चरबीचे काय करते’ इतकाच ‘चरबी संप्रेरकाचे काय करते’ हाही प्रश्न आहे. पोट सुटलेल्या पुरुषाचे टेस्टोस्टेरोन कमी आढळले तर कारण कोणते आणि परिणाम कोणता? वजन उतरल्यावर ते पुष्कळदा पुन्हा चढते, यावरून बाण निदान काही अंशी उलटा आहे हे दिसते.

फळांच्या चित्रावर आमचा शेवटचा आक्षेप आपल्याच मुलखातून येतो. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात दोन डॉक्टरांचे छायाचित्र छापून आले, पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजन सांगणारा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. फळांच्या भाषेत दोघेही सडसडीत, कोणतेच फळ नाहीत. कमरेच्या घेराची मर्यादा भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर अशी युरोपीय मापापेक्षा कमी धरली जाते, ती अशाच अनुभवांमुळे.

याज्ञिक आणि त्यांचे सहकारी आणखी मागे गेले, जन्मापर्यंत. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील नवजात बालकांची तुलना त्यांनी इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बालकांशी केली. २००३ मध्ये आलेल्या त्या अहवालात आपल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो होते, त्यांच्या बाळांचे ३.५ किलो. पोटाचा घेर आणि स्नायू आपल्या बाळांत फार कमी पडलेले होते, पण पाठीवरच्या त्वचेखालची चरबी जवळजवळ राखलेली होती. दिसायला किडकिडीत आणि तरी मेदाळ. त्याआधी, २००२ मध्ये, लंडनच्या गोऱ्या बाळांशी तुलना करून त्यांनी नाळेचे रक्त तपासले, तेव्हा वजनाच्या मानाने आपल्या बाळांत इन्शुलिन आणि लेप्टिन दोन्ही जास्त निघाले.

तासाभराच्या बाळाला ना ताण, ना व्यायामाचा कंटाळा, ना वडापाव. वर सांगितलेल्या तीनही वाक्यांना येथे जागाच नाही. मग पत्ता लिहिला कोणी? संशय आईच्या पोषणाकडे वळला, विशेषतः बी-१२ या जीवनसत्त्वाकडे, ज्याची कमतरता त्या खेड्यांतील बहुसंख्य मातांत होती. २००८ मध्ये याच मुलांचा सहाव्या वर्षीचा हिशोब प्रसिद्ध झाला. गरोदरपणात फोलेट जास्त असलेल्या मातांची मुले अधिक मेदाळ होती, आणि त्याबरोबर बी-१२ कमी असलेल्या मातांच्या मुलांत इन्शुलिनचा प्रभाव सर्वांत कमी पडत होता. अर्थात हा संबंध झाला, कारण नव्हे. कारण ठरवायचे तर बोस्टनसारखा हस्तक्षेप हवा. तो २०१२ पासून सुरू झाला. त्याच खेड्यांतील तीच मुले तोवर तरुण झाली होती. त्यांना लग्नाआधीपासून बी-१२ द्यायचे आणि पुढे त्यांच्या मुलांचे मोजमाप करायचे, अशी ती योजना आहे. पहिल्या अभ्यासातील सर्वांत मोठी मुले आज तिशीच्या आसपास आहेत, आणि वजनकाट्यावर आता त्यांची बाळे आहेत.